इंडो-ग्रीक राजांनी चांदीची नाणी किती पाडली? ठशांवरून अंदाज काढण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन हजार वर्षांहून आधी वायव्य भारतात राज्य केलेल्या मिनँडर या इंडो-ग्रीक राजाचा एक द्रम्म, म्हणजे चांदीचं छोटं नाणं, तळहातावर घेतला तर तो नखाएवढा असतो आणि त्याचं वजन जेमतेम अडीच ग्रॅम. पण त्याकडे पाहिलेला प्रत्येक जण पाच मिनिटांत एकच प्रश्न विचारतो : अशी किती असतील? आज उरलेली नव्हेत, तेव्हा पाडलेली. या प्रश्नाचं उत्तर नाण्याच्या अंगावरच अर्धवट लिहिलेलं असतं. ते कसं वाचायचं आणि कुठे थांबायचं, हे सांगण्यासाठी ही प्रश्नोत्तरं.

टांकसाळीच्या वह्या नाहीतच का?

नाहीत. इंडो-ग्रीक राज्यांचा एकही हिशेब, एकही फर्मान टांकसाळीबद्दल सांगत नाही. मुळात बॅक्ट्रिया (आजचा उत्तर अफगाणिस्तान आणि आसपास) आणि वायव्य भारतात मिळून चाळीसच्या आसपास ग्रीक राजे होऊन गेले आणि त्यांतल्या फक्त सात-आठ जणांची नावं जुन्या ग्रंथांत किंवा शिलालेखांत येतात. विदिशेजवळच्या बेसनगरच्या गरुडस्तंभावर हेलिओडोरस या ग्रीक वकिलाने आपल्या राजाचं, अंतलिकिताचं म्हणजे अँटिअल्किडासचं, नाव कोरलं म्हणून तो राजा दगडावर सापडतो. मिनँडर बौद्ध परंपरेत मिलिंद म्हणून जिवंत राहिला. बाकी बहुतेकांचं सगळं चरित्र म्हणजे त्यांची नाणी. म्हणून कुठल्या राजाकडे किती चांदी होती, कुणाची सत्ता किती मोठी होती, असं काहीही विचारायचं झालं तरी नाण्यांकडेच यावं लागतं.

ठसा म्हणजे नेमकं काय?

ज्याच्यावर उलटं चित्र आणि उलटी अक्षरं खोदलेली असतात तो धातूचा तुकडा. एक ठसा ऐरणीत पक्का बसवायचा, त्यावर चांदीची कोरी चकती ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि त्यावर हातोडा हाणायचा. एका घावात दोन्ही बाजू उठतात. आपण नाणेफेकीत छापा-काटा म्हणतो, त्यातला छापा बहुधा ऐरणीतल्या ठशाचा. इंडो-ग्रीक नाण्यांत ती राजाच्या मुखवट्याची, ग्रीक अक्षरांची बाजू असते. वरच्या ठशावर देवता आणि खरोष्ठी, म्हणजे तेव्हाच्या वायव्य भारतातल्या लिपीतली, अक्षरं.

प्रत्येक ठसा हाताने खोदलेला. एकाच कारागिराने सकाळी एक आणि दुपारी एक खोदला तरी दोन्ही तंतोतंत सारखे होत नाहीत. सगळ्या शास्त्राचा पाया एवढाच आहे.

कोणती नाणी या हिशेबात येतात?

मुख्यतः हिंदुकुशाच्या दक्षिणेला चाललेली दुभाषी चांदी. तिथे द्रम्म सुमारे २.४५ ग्रॅमचा आणि चौपट वजनाचं नाणं सुमारे ९.८ ग्रॅमचं. हिंदुकुशाच्या उत्तरेला ग्रीकांचं मूळ अ‍ॅटिक वजनमान चालत राहिलं. तिथला चौपट द्रम्म १७ ग्रॅमच्या जवळ जातो आणि त्यावर फक्त ग्रीक अक्षरं असतात. १९४६ साली अफगाणिस्तानात सापडलेल्या कुंदुझच्या निधीत, म्हणजे पुरून ठेवलेल्या नाण्यांच्या साठ्यात, अशी सहाशेंहून जास्त नाणी होती. त्यांतली अमिंटास राजाची प्रचंड, ऐंशी ग्रॅमच्या वरची चांदीची नाणी प्रसिद्ध आहेत. पण ती समारंभाची नाणी. बाजारात फिरणारा होता तो छोटा द्रम्म.

मिनँडरच्या द्रम्मावर एका बाजूला ‘बॅसिलिओस सोतेरोस मेनांद्रू’ आणि दुसऱ्या बाजूला तेच प्राकृतात : ‘महरजस त्रतरस मेनद्रस’. मधे वज्र फेकणारी ग्रीक देवी अथेना. पहिल्या अपोलोडोटसने तर आपले द्रम्म चौकोनी पाडले, एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला वशिंडाचा बैल. आपल्या आहत, म्हणजे छोट्या छोट्या खुणा ठोकलेल्या, नाण्यांना सरावलेल्या लोकांना चौकोनी चांदी परकी वाटली नसणार.

द्रम्म हा शब्द का? ड्रॅक्म का नाही?

कारण तो आपलाच शब्द आहे. ग्रीक ड्राख्मे प्राकृतात द्रम्म झाला आणि पुढे दाम. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लीलावतीच्या सुरुवातीला कोष्टक दिलंय त्यात सोळा पणांचा एक द्रम्म आहे. ‘दाम करी काम’ म्हणताना आपण एका ग्रीक नाण्याचं नाव घेत असतो. मग या लेखात वेगळा शब्द कशाला?

दोन नाणी एकाच ठशाची आहेत हे कसं ओळखायचं?

इथे घाई करून चालत नाही, कारण पुढची सगळी आकडेमोड या एका कामावर उभी असते.

नवखा माणूस चेहरा पाहतो. नाक सारखं, ओठ सारखे, म्हणजे ठसा एक, असं ठरवतो. ते चुकतं. झिजलेल्या नाण्यावर तोच चेहरा म्हातारा दिसतो, घाव हलका पडला तर गाल बसका दिसतो, आणि प्रकाश दुसऱ्या बाजूने आला तर माणूसच बदलतो. मी स्वतः एकदा एकाच नाण्याचे दोन फोटो दोन वेगळे ठसे म्हणून नोंदवले होते. एकात उजेड डावीकडून होता आणि दुसऱ्यात खालून. कडेची चीर जुळली तेव्हा कळलं. तेव्हापासून चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही हा नियम केला.

पाहायच्या त्या जागा, म्हणजे एका खुणेचं दुसऱ्या खुणेपासूनचं नातं. राजाच्या डोक्याला बांधलेल्या फितीची दोन टोकं मागे लोंबतात. ती कोणत्या अक्षराखाली संपतात? नाकाच्या शेंड्यातून सरळ रेघ काढली तर ती कोणत्या अक्षराला लागते? भाला उगारलेला राजा असेल तर भाल्याचं टोक कुठल्या दोन अक्षरांच्या मधे येतं? शिरस्त्राण असेल तर त्याच्या तुऱ्याचं टोक कुठे? मागच्या बाजूला अथेनेच्या ढालीची कड, वज्राचं टोक आणि खरोष्ठी ‘म’चा वाडगा यांच्यातलं अंतर. खरोष्ठी उजवीकडून डावीकडे चालते, हे विसरून पाहू लागलं की तासभर वाया जातो.

अशा तीन-चार जागा जुळल्या तर ठसा एक. एक जरी स्पष्टपणे चुकली तर ठसे दोन, बाकी कितीही साम्य असो. चकती सरकल्यामुळे अर्धी अक्षरं नाण्याबाहेर गेलेली असतात. मग उरलेल्यांवर भागवावं लागतं. चौकोनी द्रम्मांवर हा त्रास जास्त.

आणखी एक मोठी मदत म्हणजे ठशाचे आजार. ठशाला तडा गेला की त्या तड्याची उंच रेघ प्रत्येक पुढच्या नाण्यावर उठते आणि वाढत जाते. गंजाचे खड्डे पडले की नाण्यावर पुटकुळ्या येतात. त्यावरून ठसा एक आहे हे तर कळतंच, शिवाय कोणतं नाणं आधीचं आणि कोणतं नंतरचं हेही कळतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका टांकसाळीतल्या एका आठवड्याचा क्रम असा डोळ्यांसमोर लागतो. या कामातला सगळ्यात मोठा आनंद माझ्या मते हाच.

मग मोजायचे ते कोणत्या बाजूचे ठसे?

छाप्याचे, ऐरणीतले. वरच्या ठशावर हातोडा थेट बसतो, तो लवकर फुटतो आणि बदलला जातो, म्हणून त्याची संख्या बहुधा जास्त असते. ऐरणीतला ठसा आधाराने बसलेला असल्याने त्याचं आयुष्य जास्त आणि त्यामानाने सारखं. मागचे ठसे मात्र दुसऱ्या कामाचे. इंडो-ग्रीक नाण्यांवर मागे ग्रीक अक्षरांची गुंफण करून बनवलेली छोटी चिन्हं असतात. ती टांकसाळीची की अधिकाऱ्याची यावर वाद आहेत. एकच छाप्याचा ठसा दोन वेगळ्या चिन्हांसोबत सापडला तर ती दोन चिन्हं निदान काही काळ एकाच छताखाली होती, एवढं सिद्ध होतं.

आपल्याला सापडलेत तेवढेच ठसे असतील असं कशावरून?

नसतातच. सापडलेल्यांवरून न सापडलेल्यांचा अंदाज काढायचा असतो. कल्पना अशी : तुम्ही अनोळखी गावाच्या आठवडी बाजारात उभे आहात. पहिल्या शंभर माणसांत एकही चेहरा दुसऱ्यांदा दिसला नाही तर गाव मोठं आहे. तीच वीस माणसं पुन्हा पुन्हा समोरून जात असतील तर गाव लहान, आणि तुम्ही बहुतेक सगळं गाव पाहिलंत.

नाण्यांना हेच लावायचं. तपासलेली नाणी ‘न’ आणि त्यांत दिसलेले वेगळे ठसे ‘ठ’ म्हणू. सगळ्यात साधं सूत्र असं :

एकूण ठसे = (न × ठ) ÷ (न − ठ)

समजा एका राजाचे १२० द्रम्म तपासले आणि त्यांत ८० वेगळे ठसे निघाले. (हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, कुठल्या प्रत्यक्ष राजाचे नाहीत.) १२० गुणिले ८० म्हणजे ९,६००, त्याला ४० ने भागा. अंदाज २४० ठशांचा. आपण पाहिले ८०, म्हणजे दोनतृतीयांश ठसे आपल्या डोळ्यांपुढे आलेलेच नाहीत.

आता उलटं पाहा. १२० नाण्यांत २० च ठसे निघाले तर सूत्र २४ सांगतं. इथे फारसं काही लपलेलं नाही आणि या आकड्यावर भरवसा ठेवता येतो. कामचलाऊ नियम म्हणून सांगतो : नाणी ठशांच्या तिप्पट किंवा जास्त असतील तर निश्चिंत राहा, दुपटीहून कमी असतील तर आकडा पेन्सिलीने लिहा.

हे सूत्र सगळ्यांना मान्य आहे का?

नाही. एकाच माहितीवर दुसरी सूत्रं दुसरे आकडे देतात. वरचं सूत्र धरून चालतं की ठशांचं आयुष्य फार वेगवेगळं होतं, काही पहिल्याच दिवशी फुटले आणि काही महिनोन्‌महिने चालले. सगळे ठसे सारखेच चालले असं मानलं तर त्याच १२० आणि ८० वरून अंदाज १३७ च्या आसपास येतो. म्हणजे गृहीत बदललं आणि शंभर ठसे गायब झाले.

मधला रस्ता एकटे ठसे पाहण्याचा आहे. ज्या ठशाचं फक्त एकच नाणं सापडलं तो एकटा ठसा. आपल्या उदाहरणात असे ५५ आहेत असं धरू. ५५ भागिले १२० म्हणजे सुमारे ४६ टक्के. याचा अर्थ फार सुंदर आहे : उद्या या राजाचं आणखी एक नाणं समोर आलं तर ते आजवर न पाहिलेल्या ठशाचं असण्याची शक्यता ४६ टक्के. उरलेले ५४ टक्के म्हणजे एकूण पाडलेल्या नाण्यांपैकी आपल्याला माहीत असलेल्या ठशांचा वाटा. ही कल्पना अ‍ॅलन ट्युरिंगची. दुसऱ्या महायुद्धात गुप्त संदेश फोडताना ती जन्मली आणि त्यांचे सहकारी आय. जे. गुड यांनी ती १९५३ साली प्रसिद्ध केली. नाण्यांच्या कामात ती रुजवली ती अमेरिकेतल्या मोंटाना राज्य विद्यापीठाचे गणितज्ञ वॉरन एस्टी यांनी. त्यांच्या एका सूत्राने आपल्या उदाहरणाचं उत्तर १९८ च्या जवळपास येतं.

१३७, १९८, २४०. तिन्ही आकडे प्रामाणिक आहेत. म्हणून ज्या लेखात एकच आकडा छातीठोकपणे दिलेला असेल, तिथे ‘न’, ‘ठ’ आणि एकट्या ठशांची संख्या दिलीय का ते आधी पाहा. ती दिलेली असेल तर कुणीही पुन्हा गणित मांडू शकतो. नसेल तर त्या आकड्याचं काहीच करता येत नाही.

ओळखण्यात पाच-दहा चुका झाल्या तर काय बिघडतं?

पुष्कळ. आपल्या उदाहरणात फक्त पाच जोड्या नजरेतून सुटल्या आणि ८० ऐवजी ८५ ठसे नोंदले गेले असं समजा. १२० × ८५ ÷ ३५ म्हणजे २९१. पाच चुकांनी पन्नास ठसे वाढवले. जेवढा नमुना लहान तेवढी ही महागाई जास्त. म्हणूनच दोन माणसांनी स्वतंत्रपणे जुळवणी करून मग वह्या ताडून पाहणं हे चैनीचं काम नाही.

संगणक हे करू शकत नाही का?

जुळवणीची पहिली चाळणी करू शकतो. फोटोंची तुलना करून संशयित जोड्या वर काढणाऱ्या प्रणाली आता वापरात आहेत, आणि हजारो फोटो असतील तर प्रत्येक जोडी माणसाने पाहणं शक्यच नसतं : हजार नाण्यांच्या जवळजवळ पाच लाख जोड्या होतात. शेवटचा निर्णय मात्र डोळ्याने. झिजलेल्या, कडा कापलेल्या, वाईट उजेडात काढलेल्या नाण्यांपुढे यंत्रही अडखळतं.

एकाच निधीतली नाणी नमुना म्हणून चालतील?

सावधपणे. सूत्र असं मानून चालतं की प्रत्येक नाणं स्वतंत्रपणे, चिठ्ठी उचलावी तसं आलंय. पण निधी म्हणजे कुणीतरी एका दिवशी पुरलेलं गाठोडं. ते टांकसाळीतून नुकत्याच आलेल्या थैलीतून भरलं असेल तर त्यात एकाच ठशाची नाणी घोळक्याने येतात. मग ठसे कमी दिसतात आणि अंदाज खाली येतो. वेगवेगळ्या ठिकाणांची, वेगवेगळ्या संग्रहांतली नाणी मिसळलेली बरी.

इंडो-ग्रीकांच्या बाबतीत इथे मोठं दुखणं आहे. अफगाणिस्तानात गर्देजच्या पलीकडे मीर जका नावाची जागा आहे. १९४७ साली तिथे पाण्याच्या झऱ्यातून दहा हजारांहून जास्त नाणी निघाली आणि त्यांतल्या पुष्कळांची व्यवस्थित नोंद झाली. १९९२ नंतर त्याच जागी दुसरा साठा निघाला; तो पाच लाख नाण्यांच्या वर असावा असा अंदाज केला जातो, आजवरच्या सगळ्यात मोठ्या निधींपैकी एक. ऐन यादवीचा काळ. नाणी पोत्यांनी पेशावरच्या बाजारात आली आणि तिथून जगभर पांगली. श्रीलंकेचे नाणकशास्त्रज्ञ ओस्मंड बोपेआराच्ची यांनी १९९४ साली त्यांतली काही पोती पेशावरला प्रत्यक्ष पाहिली. त्याच वर्षांत काबूलचं संग्रहालय लुटलं गेलं आणि कुंदुझचा निधीही गेला.

पाच लाख नाणी. त्यांतली इंडो-ग्रीक चांदी वजनासकट, फोटोसकट नोंदली गेली असती तर वरच्या गणितातला ४६ टक्क्यांचा अंधार किती तरी राजांच्या बाबतीत उरलाच नसता. आज लिलावात जे द्रम्म ‘जुन्या संग्रहातून’ म्हणून येतात, त्यांतले कितीतरी तिथले असणार, पण त्यांच्या शेजारी पोत्यात कोण होतं हे आता कधीच कळणार नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं आणि ते लपवण्याचं कारण दिसत नाही.

एका ठशातून नाणी किती निघत?

इथे जमीन भुसभुशीत होते. ग्रीसमध्ये डेल्फीला ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात, ३३६ च्या सुमारास, जुनी चांदी वितळवून नवी नाणी पाडली गेली आणि त्याचे हिशेब दगडावर कोरलेले सापडले. ती नाणी आणि ते हिशेब एकत्र ठेवून दर छाप्याच्या ठशामागे वीस ते पन्नास हजार नाण्यांचा पट्टा काढला जातो. इंग्लंडचे डेव्हिड सेलवुड यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वतः ठसे बनवून हातोड्याने नाणी पाडून पाहिली. त्यांना एका ठशाचं आयुष्य दहा हजारांच्या घरात किंवा थोडं वर दिसलं. सोयीसाठी पुष्कळ जण वीस हजार धरतात.

केंब्रिजचे थिओडोर बट्री यांनी १९९० च्या दशकात यावर कडक आक्षेप घेतला : ठसा किती चालू *शकतो* हे कळलं तरी तो किती *चालवला* हे कळत नाही. चांदी संपली, राजा मेला, शत्रू आला तर चांगला ठसाही टाकून दिला जातो. मला हा आक्षेप खरा वाटतो, आणि वर्षा-दोन वर्षांत राजा बदलणाऱ्या पंजाबात तर जास्तच खरा. दुसऱ्या बाजूने, लहान द्रम्माला मोठ्या नाण्यापेक्षा घाव हलका लागतो, म्हणून त्याचा ठसा जास्त टिकला असेल. दोन्ही दिशांनी ओढाताण आहे.

तरीही, चांदी किती लागली असेल?

आपल्या उदाहरणावर करून पाहू. २४० ठसे, दर ठशाला वीस हजार : ४८ लाख द्रम्म. गुणिले २.४५ ग्रॅम, म्हणजे पावणेबारा टन चांदी. आता १३७ ठसे आणि दहा हजार घ्या : पावणेचौदा लाखांच्या आत द्रम्म, साधारण ३.४ टन. आणि २४० ठसे, चाळीस हजार : साडेतेवीस टन. तीच १२० नाणी, तीच नजर, आणि उत्तर सात पटींनी हलतं.

त्यातला ठशांचा भाग दुपटीच्या आत हलला, नाणी-प्रति-ठशाचा भाग चौपट. म्हणून माझा आग्रह असा की निष्कर्ष ठशांत सांगावा, नाण्यांत नको. ‘या राजाचे सुमारे दीडशे ते अडीचशे छाप्याचे ठसे असावेत’ हे वाक्य उभं राहतं. ‘या राजाने ४८ लाख द्रम्म पाडले’ हे वाक्य नुसतं ऐटदार आहे.

तुलना मात्र करता येते. एका राजाचे २४० ठसे आणि दुसऱ्याचे २४ असतील आणि दोघांची नाणी एकाच वजनाची, एकाच पद्धतीची असतील, तर ठशामागे नाणी किती हा अनोळखी आकडा दोन्हीकडे सारखाच असावा आणि तो छेदला जातो. पहिल्याने दसपट पाडली एवढं म्हणता येतं. द्रम्म आणि चौपट नाणी यांचे ठसे वेगळे मोजायचे आणि शेवटी चांदीच्या वजनात आणायचे.

मग वर्षाला किती, हेही काढता येईल?

इथे एक खड्डा आहे. वर्षाचा आकडा काढायला राज्यकाळ हवा. इंडो-ग्रीक राजांचे राज्यकाळ मुळात पुष्कळदा नाणी किती सापडतात यावरूनच ठरवलेले असतात : नाणी भरपूर, म्हणून राज्य दीर्घ. आता त्या दीर्घ राज्याने नाण्यांना भागून वर्षाची सरासरी काढली तर आपण आपल्याच सावलीचा पाठलाग करतो. मिनँडरसारख्याचं राज्य दीर्घ होतं याला बाहेरचेही आधार आहेत. बाकीच्यांच्या बाबतीत वार्षिक आकडे देऊच नयेत असं माझं मत आहे.

पाडलेली नाणी म्हणजे तेवढी चांदी देशात होती, असं म्हणायचं का?

नाही, आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या घरात आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे सव्वातेरा हजारांच्या वर चांदीची नाणी सापडली. सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप उमटवलेला होता. चांदी तीच, पण ठशांखाली दोनदा गेली. ठसे मोजणारा माणूस दोन्ही राजांच्या हिशेबात ती धरेल आणि चांदी दुप्पट होईल. ठसे मोजतात ते घाव, चांदी नव्हे.

नहपानाची ती नाणी इंडो-ग्रीक द्रम्माचीच वंशज आहेत : तेच छोटं वजन, राजाचा मुखवटा, कडेने ग्रीक अक्षरं. ग्रीक सत्ता महाराष्ट्रात कधी आली नाही, पण तिचं नाण्याचं रूप नाशिकपर्यंत आलं.

चांदीचा कसही पाहावा लागतो. शेवटच्या काळात, दुसरा स्ट्रॅटो या राजापर्यंत येता येता, द्रम्मांत भेसळ वाढली. वजन तेच धरून गुणाकार केला तर नसलेली चांदी कागदावर येते.

आज किती नाणी उरलीत त्यावरूनच अंदाज का काढत नाही?

कारण उरणं हा अपघात आहे. एक मोठा निधी सापडला की एखादा दुर्मीळ राजा एका रात्रीत विपुल होतो. ठशांची संख्या मात्र अशी उडी मारत नाही. निधीत शंभर नाणी असली आणि ती सगळी माहीत असलेल्या ठशांची निघाली, तर एकूण ठशांचा अंदाज उलट स्थिरावतो.

ही नाणी किती काळ चालली?

फार. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या समुद्रमार्गाच्या वर्णनात, पेरिप्लसमध्ये, भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने, ग्रीक अक्षरांचे द्रम्म अजून चालतात असं म्हटलंय. मिनँडरला जाऊन तेव्हा दीड शतक उलटून गेलं होतं. इतकी वर्षं हाताळलेलं नाणं झिजतं, आणि झिजेचं गणित आपल्याकडच्या एका माणसाने फार आधी मांडलं.

गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी. नाणी जसजशी फिरतात तसतसं त्यांचं सरासरी वजन घटतं आणि वजनांमधला फरक वाढतो, हे त्यांनी चलनातली आधुनिक नाणी हजारोंनी वजन करून दाखवलं आणि मग तेच तक्षशिलेच्या आहत नाण्यांना लावलं. १९४१ साली त्यांचं हे काम प्रसिद्ध झालं. ते ठशांचं काम नव्हे. पण नाण्यांच्या ढिगाला संख्याशास्त्राने प्रश्न विचारता येतात, हे त्यांनी काटा हातात घेऊन सिद्ध केलं. प्रत्येक द्रम्माचं वजन शतांश ग्रॅमपर्यंत नोंदवा असं मी सांगतो ते त्यामुळेच.

बनावट नाणी हिशेब बिघडवतात का?

बिघडवतात, आणि दोन्ही बाजूंनी. आधुनिक ठशाने पाडलेलं एखादंच बनावट नाणं नमुन्यात शिरलं तर ते नवा एकटा ठसा बनून अंदाज फुगवतं. खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेल्या नकला शिरल्या तर त्या एकाच ठशाची गर्दी करतात आणि अंदाज बुडवतात. ओतीव नकलेची खूण अशी की ठशाबरोबर चकतीची कड, चिरा आणि खरवडेही जुळतात. ठसा जुळणं स्वाभाविक आहे. दोन नाण्यांच्या कडेची चीर जुळणं स्वाभाविक नाही.

शेतात किंवा घराच्या पायात जुनी नाणी सापडली तर?

१८७८ चा भूमिगत निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कळवण्याआधी एक करा : नाणी वेगळी करू नका. भांडं असेल तर भांड्यासकट, माती असेल तर मातीसकट राहू द्या. चिंच, लिंबू, रांगोळी, दंतमंजन यांतलं काहीही लावू नका. चकाकी येते आणि फितीचं टोक कोणत्या अक्षराखाली होतं ते जातं.

माझ्या आजोबांच्या पेटीत एक द्रम्म आहे. एका नाण्याचा काय उपयोग?

एकटा ठसा जोडीचा होऊ शकतो. आपल्या उदाहरणात ५५ एकटे होते. तुमच्या नाण्याने त्यांतल्या एकाला जोडीदार दिला तर ५४ उरतात, आणि मोंटानाच्या त्या सूत्राने एकूण अंदाज सुमारे पाच ठशांनी खाली येतो. एका नाण्याने.

दोन्ही बाजूंचे फोटो काढा. उजेड एकाच बाजूने, वरच्या डाव्या कोपऱ्यातून. नाणं फिरवून दुसरा फोटो उजवीकडच्या उजेडात. शेजारी मिलिमीटरची पट्टी. फ्लॅश नको, त्याने उठाव सपाट होतो. वजन सोनाराच्या काट्यावर करून घ्या, दोन दशांशस्थळांपर्यंत. राजाचं डोकं सरळ उभं धरून नाणं उभ्या अक्षावर, म्हणजे पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटा. अथेना सरळ उभी दिसते की तिरकी, ते लिहा. बहुतेक इंडो-ग्रीक नाण्यांवर ती सरळ उभी असते. आणि आजोबांना ते कुठे, कुणाकडून मिळालं याबद्दल घरात कुणाला काही आठवत असेल तर तेही त्याच कागदावर लिहून पेटीत नाण्याजवळ ठेवा.